हिंगणीतली अमेरिकन चिमणी

मित्रांनो, मी एक म्हातारी चिमणी आहे आणि पहिल्या नंबरची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट ऐकताना कुणी खोकलं, कुणी पान उलटलं आणि मी भुर्रकन उडून गेले, तर रागावू नका. माझा नाइलाज असतो. जरा थांबा, मी पुन्हा येऊन बसते.

सेलूकडून जंगलाच्या बाजूला निघालं की हिंगणी गाव लागतं. तिथल्या शाळेच्या कवेलूंखाली, म्हणजे छपराच्या कौलांखाली, माझा जन्म झाला. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, असं माणसं म्हणायची. मला त्यातलं काय कळतंय! मला डोळे उघडायच्या आधी भीती तेवढी कळली. घरट्याशेजारून काहीतरी सरपटत गेलं आणि आई किंचाळली. सकाळी आम्ही भावंडं कमी भरलो. धामण येऊन गेली होती. तेव्हापासून आईनं एकच धडा शिकवला, "आधी उडायचं, मग पाह्यचं." मी तो इतका घोटला, की वाऱ्यानं चिंधी हलली तरी मी छपरावर.

भीती तरी कशाकशाची? मांजराची. कावळ्याची. शिक्रा वरून फिरू लागला की पाचावर धारण बसते. ज्वारी भरली की मचाणावरून गोफण सुटते, टिनाचे डबे बडवतात. आणि शाळा सुटली की पोरं गुलेल काढतात. दोन फाट्यांचं ते लाकूड, त्याला रबर. दोन फाटे वर झाले की मरण आलं, एवढं मी ध्यानात ठेवलं. तशी माणसं आमचं कौतुक करतात बरं! तान्ह्या लेकराला भरवताना घास काढतात तो चिऊच्या नावानं. जातो मात्र लेकराच्याच पोटात. आम्ही आपल्या उंबऱ्यावर सांडलेल्या कण्या टिपायच्या, आणि कुणी हुसकलं की उडायचं.

माझा चिडा मात्र निराळा. त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. काळा गळा फुगवून तो बैलाच्या पाठीवर बसायचा, मांजरासमोर नाचायचा. मला म्हणायचा, "तुले तं आपल्या सावलीचीबी भीती वाटते वं! असं जगून राह्यली तं एक दिवस भीतीनंच मरशीन." मी म्हणे, "तू धीट आहेस ना, मग झालं. एका घरात दोन धीट कशाला?" पण खरं सांगते, तो जवळ असला की मला झोप लागायची.

त्या उन्हाळ्यात आम्ही बायजाच्या घरी घरटं केलं. बायजा तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाई, नाहीतर कुणाच्या वावरात तण निंदायला. शाळेसमोरच तिचं मातीचं घर. भिंतीत वासा शिरतो तिथं एक फट होती. तिच्यात आम्ही गवत भरलं, पिसं भरली, आणि माझी चार पिल्लं तिथं अंड्यांतून निघाली. नुसती तोंडंच तोंडं! पिल्लांना दाणे चालत नाहीत, मित्रांनो. त्यांना मऊ अळ्या लागतात, नाकतोडे लागतात. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं आणत होतो आणि तरी ती उपाशीच.

आणि नेमकं तेव्हाच बायजाच्या लेकीचं, रुखमाचं, लग्न निघालं. घराला चुना लावायला बायजाचा भाऊ कवडू आला. कुंचा हातात घेऊन तो शिडीवर चढला आणि थेट आमच्या फटीत डोकावला. माझा जीव टांगणीला लागला. मी मांडवाच्या मेढीवर बसून गळा फाटेस्तोवर ओरडत होते.

"बायजे, आत पिल्लं हायेत वं. फट बुजवू का राहू देऊ?"

"राहू दे ना भाऊ. लग्नघरी कोनाचं घर मोडतं का?"

देव तिचं भलं करो. कवडूनं फट राहू दिली, पण भोवताली चुन्याचे चार हात मारले. चुना ओला होता. मला तर आत जायलाच हवं होतं, पिल्लं आ वासून बसली होती. आत शिरताना गळा घासला, बाहेर पडताना घासला. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. चिड्याच्या पंखांच्या कडांना तेवढा लागला. गळा चुरचुरायला लागला. माझा गळा पांढराफेक झाला होता, पण तो मला कसा दिसणार? स्वतःचा गळा स्वतःला कधी दिसतो का?

दुसऱ्या दिवशी अक्षतांसाठी ज्वारीला ओली हळद चोळून सूप अंगणात ठेवलं होतं. एवढी ज्वारी, आणि राखायला कुणी नाही! चिडा बिनधास्त सुपात उतरला. त्याच्या मागून मीही घाबरत घाबरत उतरले. आम्ही पोटभर खाल्लं. माझी चोच आणि डोळे यांच्या मधली पिसं हळदीनं पिवळी झाली. चिड्याचीही झाली असणार. आम्ही एकमेकांकडं पाहून हसलोसुद्धा नाही, कारण आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. लग्नघरात कुणाला हळद लागत नाही?

बोरीच्या झाडावर गेले, तर बाकीच्या चिमण्या सरकून बसल्या. एकीनं तर टोचलंच. "ही कोन वं? कुठली हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मीच!" कुणी ऐकेना.  आपल्याच लोकांनी ओळखलं नाही तर जायचं कुठं? तेवढ्यात खालून चिडा आला. त्यानं माझा एक चिवचिवाट ऐकला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. "काऊन रडून राह्यली? चाल, पिल्लं भुकेली हायेत." एवढंच बोलला. मला कोण बरं वाटलं!

आता नरहर गुरुजींबद्दल सांगते. शाळेचे हे गुरुजी वर्ध्याकडून आलेले. एकटेच राहायचे. पोरांना त्यांनी कधी छडी मारली नाही. त्याआधीच्या थंडीत गावात एक अमेरिकन पाहुणा आला होता, खेड्यांची कामं बघायला. तो शाळेतच उतरला होता. त्याला पाखरांचं भारी वेड. गुरुजींना घेऊन पहाटे हिंडायचा. जाताना त्यानं गुरुजींना आपल्या देशातल्या पाखरांचं चित्रांचं पुस्तक दिलं आणि एक दुर्बीणही दिली. मी शाळेच्या खिडकीत बसून हे सगळं ऐकलं. दुर्बीण कशी दिसते ते मात्र मला ठाऊक नव्हतं. पाहुणा गेल्यावर गुरुजी रोज ते पुस्तक उघडून बसायचे. चित्रांवरून बोट फिरवायचे. हिंगणीत त्यांच्याशी पाखरांबद्दल बोलायला कुणी नव्हतं.

रुखमाच्या लग्नाला गुरुजी जेवायला आले. पत्रावळीवरून त्यांनी मान वर केली आणि मेढीवर बसलेली मी त्यांना दिसले. त्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. ते तसेच उठले आणि उष्ट्या हातानं शाळेकडं पळाले. लोकांना वाटलं, वरण तिखट झालं.

ते परतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांशी ती वस्तू होती. काळी, आणि तिला दोन फाटे! मित्रांनो, माझ्या काळजात धस्स झालं. एवढी मोठी गुलेल मी कधी पाहिली नव्हती. मी उडाले ती बोरीच्या काट्यांत जाऊन बसले. गुरुजींनी गुलेल फिरवली. मी जिकडं जाईन तिकडं ते दोन फाटे. पंगती उठल्या, वरात गेली, मांडव रिकामा झाला, तरी गुरुजी आपले तिथंच.

दुसरा सबंध दिवस त्यांनी मला हेरलं. अळी घेऊन फटीकडं जावं, तर फाटे वर! मी माघारी वळे. अळी चोचीत मरून जाई. चिडा मात्र सरळ त्यांच्या डोक्यावरून आत जाई. त्याच्याकडं ते पाहतच नव्हते. तो काय, काळ्या गळ्याचा नेहमीचाच चिडा! त्या दिवशी पिल्लं त्यानंच जगवली.

दुपारी महादेवराव आले. गावचे मोठे कास्तकार, अंगानं भरदार, आवाज सगळ्या आळीत ऐकू जाणारा. गुरुजी त्यांना सांगू लागले आणि मी वळचणीला अंग चोरून ऐकू लागले.

"महादेवराव, ही चिमणी आपल्याकडची नाही."

"मंग काय आगगाडीनं आली?"

"थट्टा नको. हे चित्र पाहा. पांढऱ्या गळ्याची चिमणी. गळा पांढरा, चोच आणि डोळा यांच्या मधे पिवळा ठिपका, भुवईवर फिकट पट्टा. आहे की नाही सगळं? जमिनीवर टुणटुण उड्या मारत दाणे टिपते, असंही लिहिलंय. काल मी डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेत ही अंगणाअंगणांत असते."

"तिकडं अंगणात असते, तं इकडं बायजाच्या मांडवात काऊन आली?"

"तेच तर! हिंदुस्थानात ही आजवर कुणी पाहिली नसणार. हिंगणीचं नाव छापून येईल, महादेवराव."

"पन गुरुजी, चिवचिव तं आपल्या चिमणीवानीच करून राह्यली ना ती?"

गुरुजींनी पुस्तकाचं पान पुन्हा पाहिलं. "पुस्तकात म्हटलंय की ती शीळ घालून गाते. पण परक्या मुलखात आली आहे, भ्यालेली आहे. म्हणून गात नसेल."

मी भ्यालेली होते हे त्यांना बरोबर दिसलं होतं! एवढी एकच गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली. मला वरून ओरडून सांगावंसं वाटलं, अहो गुरुजी, तुमच्याच शाळेच्या कवेलूंखाली जन्मले मी! पण माझ्या तोंडून निघालं ते आपलं चिवचिव.

"नुसतं सांगून नागपूरचे विद्वान मानणार नाहीत," गुरुजी म्हणाले. "त्यांना ती हातात घेऊन पाहायला लागेल."

"म्हंजे मारलेली."

गुरुजी चष्मा काढून पुसत बसले.

"त्याच्यात का एवढा विचार करता? माह्याजवळ छऱ्याची बंदूक हाय. सकाळीच येतो."

"एकच," गुरुजी हळूच म्हणाले. "फक्त एक. आणि तिला त्रास होता कामा नये."

माझी बोबडी वळली. बंदूक हा शब्द मी ऐकला होता, ती वस्तू पाहिली नव्हती. जंगलाच्या बाजूनं कधी फट् आवाज यायचा, त्याच्या पलीकडं मला काही माहीत नव्हतं. मी ठरवून टाकलं, गुरुजींच्या हातातली ती दोन फाट्यांची काळी वस्तू म्हणजेच बंदूक. तिच्यासमोर जायचं नाही. बाकी कशाचं भय नाही.

सकाळ झाली. गुरुजी आणि महादेवराव मांडवाच्या तट्ट्याआड येऊन बसले. मी बोरीवरून पाहत होते. गुरुजींच्या गळ्यात दोन फाट्यांची वस्तू होती. महादेवरावांच्या मांडीवर नुसती एक लांबट काठी. काठ्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. गुराख्याजवळ असते, कवडूजवळ असते. उडत्या पाखराचं काठी काय वाकडं करणार?

फटीतून पिल्लांचा आवाज येत होता. आधी चौघांचा, मग बारीक, मग दोघांचाच. चिडा जात होता, येत होता, धापा टाकत होता. एकट्यानं किती आणणार? मला एक जाडशी हिरवी अळी मिळाली. ती चोचीत धरली आणि मी वाट पाहू लागले, की गुरुजींचे फाटे कधी खाली होतात.  सगळं अंग म्हणत होतं, जाऊ नको. आणि पिल्लं म्हणत होती, ये.

गुरुजींनी डोळे चोळायला दुर्बीण खाली केली. मी निघाले! गुरुजींपासून दूर राहायचं म्हणून मी मुद्दाम महादेवरावांच्या बाजूनं उडाले, त्या काठीच्या अगदी समोरून. फटीच्या कडेला पाय टेकले. चिडा आतून बाहेर पडत होता. जागा अरुंद, एका वेळी एकच मावे. तो बाहेर सरकला, मी त्याच्या अंगाखालून आत शिरले.

फट्.

माझ्या पाठीमागं तो होता आणि मग नव्हता. पडल्याचा आवाज इतका लहान आला, की वाळलं पान पडावं.

मी घरट्याच्या तळाशी पिल्लांवर दबून बसले. अळी अजून चोचीतच होती. मला काही सुचेना. मी त्याला हाक मारली. एकदा, दोनदा. तो हाकेला ओ न देता कधी राहत नसे. या वेळी खालून नुसती माणसांची बोलणी ऐकू आली.

"हात्तिच्या! चिडा लागला. जाऊ द्या, दुसरा छरा घालतो. आतच हाय ते."

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते खाली वाकले असावेत.  मी फटीच्या कडेतून एक डोळा लावून पाहिलं. गुरुजींच्या तळहातावर माझा चिडा होता. मान एका बाजूला पडलेली. गुरुजी त्याच्या चोचीकडं पाहत होते. चोचीच्या वरती पिवळा डाग होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. पिवळा रंग अंगठ्याला लागला. पंखाच्या कडेला पांढरं होतं. त्यावर अंगठा फिरवला, भुकटी निघाली. घामेजल्या अंगठ्यावर दोन्ही मिसळलं आणि लाल झालं.

"रक्त हाय का?" महादेवरावांनी विचारलं.

"नाही हो," गुरुजी म्हणाले.  "हळद आणि चुना. हळद आणि चुना आहे, महादेवराव." मग त्यांनी हात उलटा केला. तिथंही लाल होतं. ते मात्र रक्तच होतं.

आवाजानं बायजा बाहेर आली. तिनं गुरुजींच्या हातात पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"अक्षतांची ज्वारी खाऊन राह्यलते दोघं परवा. म्या हाकललंबी नाई, लग्नघर म्हणून. काऊन मारलं जी गुरुजी?"

 महादेवराव म्हणाले, "गेला तं गेला. चिडाच तं होता. गावात का कमी हायेत?" आणि बंदूक खांद्यावर टाकून निघून गेले.

मित्रांनो, खरी भीती त्यानंतर सुरू झाली. अळी मी एका पिल्लाच्या तोंडात घातली. बाकीची तिघं माना वर करून बसली, त्यातलं एक तर मान वर करूच शकत नव्हतं. बाहेर जायला हवं होतं. आता आणणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि खाली गुरुजी बसले होते, गळ्यात ते दोन फाटे घेऊन. मी कडेला येई, त्यांना पाही, आत पळे. पुन्हा येई, पुन्हा आत पळे. चिड्यानं मला काय म्हटलं असतं ते ठाऊक होतं, पण म्हणायला तो नव्हता. मी पिल्लांना उपाशी मारत होते, आणि माझे पंख माझं ऐकत नव्हते.

गुरुजींनी वर पाहिलं. फटीत माझं डोकं दिसलं असणार. त्यांनी सवयीनं दुर्बीण उचलली आणि मी आत दडले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी ती गळ्यातून काढली, जमिनीवर ठेवली, वर उपरणं टाकलं. उठले, लांब शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि माझ्याकडं पाठ केली.

तेव्हा मी बाहेर पडले.

त्या दिवशी मी किती खेपा केल्या ते सांगता येणार नाही. चारांतली दोन पिल्लं जगली आणि पुढं उडाली. दोन नाही. मुंग्या लागायच्या आत मीच त्यांना बाहेर काढलं.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा गुरुजींनी वर्गात विचारलं, "चिमणीचं पिल्लू काय खातं?" सगळी पोरं एका सुरात ओरडली, "दाणे!" गुरुजी म्हणाले, "मलाही तसंच वाटायचं." मग त्यांनी पोरांना ओट्यावर नेऊन बसवलं, लांब, गप्प. अमेरिकेचं पुस्तक त्यांनी आणलं नव्हतं. "आपल्या दारातली चिमणी मी आजवर पाहिलीच नव्हती," ते पोरांना म्हणाले. "रोज दिसायची ना, म्हणून." चिड्याला त्यांनी कुठं पुरलं ते मला माहीत आहे. मी त्या बाजूला दाणे टिपायला जात नाही.

मी अजूनही गुरुजींना भिते. ते वाईट नाहीत हे कळतं, तरी भिते. भीती काही समजावून जात नाही.

मित्रांनो, पाखरं ओळखायला जरूर शिका. आम्हाला ते आवडतं. पण रंगाचा एक ठिपका पाहून नाव देऊ नका. लांब बसा, पुष्कळ दिवस बसा. आम्ही काय खातो, कुणाला भरवतो, कशी हाक मारतो ते पाहा. आणि पाहता पाहता एखाद्या चिमणीच्या चोचीत अळी दिसली, तर नाव विचारायचं राहू द्या आणि तिची वाट मोकळी करा. आत कुणीतरी तोंड उघडून बसलेलं असतं, आणि त्याला आणून देणारं कदाचित ती एकटीच उरलेली असते.